शेवटचा रकाना : पाणी आलं का?

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "गोळी देतेच आहे, पण राग कागदावर काढत जा. माणसांवर नको." म्हणून ही वही. ऑफिसच्या कपाटातून उचललीय. पहिल्या पानावर कुणीतरी कोंबडी काढून ठेवलीय. असू दे.

तर आजचा राग. माझ्या जागल्याला आज एका दंतवैद्याने भुंक्या म्हटलं.

जागल्या म्हणजे मी दोन वर्षं खपून लिहिलेला प्रोग्रॅम. लोकांनी हौसेने लिहून सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवलेली कितीतरी सॉफ्टवेअर जगात असतात. त्यांची देखभाल करणारेही बहुतेक हौशीच, पोटापाण्याचं काम वेगळं. जागल्या अशा सॉफ्टवेअरला काहीबाही वेडंवाकडं खाऊ घालतो, ते कुठे कोसळतं ते टिपतो आणि आपण होऊन मालकाला रिपोर्ट पाठवतो. कुणाला फुकटात राखणदार मिळाला तर तो खूश होईल ना? निदान दोन शब्द बरे बोलेल?

कप्पाळ! 'उलगडा' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जुन्या पद्धतीच्या पुस्तकांच्या फाइली उघडून त्यातले शब्द नीट ओळीने काढून देतं, बास, एवढंच. बघणारा एकच माणूस. त्याच्या ओळखीत एवढंच लिहिलंय, "दिवसा दात, जेवणाच्या सुट्टीत उलगडा." त्याला जागल्याने वर्षभरात चारशे बारा रिपोर्ट पाठवले. उत्तर नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी एक सोय केली. सात दिवस उत्तर आलं नाही, की जागल्या स्मरणपत्र पाठवेल. ती सोय आज सकाळी सहाला सुरू झाली.

त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून ठेवते. "आज सकाळी सहा ते सहा वाजून चार मिनिटं एवढ्या वेळात मला चारशे बारा नम्र स्मरणपत्रं आली. प्रत्येकावर 'तातडीचं' असा शिक्का आहे. तातडीचं म्हणजे काय ते मला कळतं. गाल धरून दारात उभा असतो त्याचं तातडीचं. तुमचा भुंक्या मांजर दिसलं तरी भुंकतो आणि पान हललं तरी भुंकतो. सगळे रिपोर्ट न वाचता बंद केले आहेत. एकतीस मार्चला मी उलगडालाही कुलूप लावतोय. तेरा वर्षं मजेत गेली."

मजकूर नम्रच होता! मीच लिहिला होता. "आपल्या सवडीने पाहावे" असं म्हटलं होतं. चारशे बारा वेळा म्हटलं होतं, ते खरं.

घरी आले तर आई खिडकीपाशी, मांडीवर टॅब्लेट, हात हातात, डोळे मिटलेले. एकदम शांत. आई हल्ली अशी ध्यान लावल्यासारखी बसते. मला तिचा हेवा वाटतो. मी चप्पल काढेपर्यंत तशीच होती, मग म्हणाली, "आलीस? आज पायऱ्या फार आपटत आलीस."

"पुस्तक कुठवर आलं?"

"जहाज अजून बर्फातच आहे," म्हणाली.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसात आम्ही तीनच माणसं. मी, मॅडम, आणि पोपट. पोपट हे टोपणनाव त्याने स्वतःच स्वीकारलंय, कारण पाच मिनिटं गप्प बसण्याची पैज तो तीनदा हरलाय.

मॅडमनी मला बोलावलं. त्या ओरडत नाहीत, चष्मा पुसतात. आज बराच वेळ पुसला. "आपण ज्यांना मदत करायला बसलोय, ते आपल्यामुळे दुकान बंद करतायत. असा एक जरी माणूस गेला तर जागल्या कशाला हवा?" एकतीसच्या आत त्या माणसाचं मन वळव, नाहीतर जागल्या बंद. मी मान हलवली. माझं डोकं भणाणलं होतं, पण बाई बोलत होत्या ते बरोबर होतं, आणि म्हणूनच जास्त भणाणलं.

बाहेर आले तर पोपट म्हणाला, "ताई, तुमच्या आईंचं वाचून दाखवणारं ॲप कुठलं हो?" सांगितलं. त्याने दोन मिनिटं काहीतरी शोधलं आणि पहिल्यांदाच आपण होऊन गप्प झाला. मग म्हणाला, "ते आत उलगडाच वापरतं. आणि त्या ॲपवाल्यांनी कालच लिहिलंय, उलगडाला कुलूप लागलं तर जुन्या फाइली आम्ही बंद करू."

आईची तीनशे वीस पुस्तकं त्या जुन्या पद्धतीत आहेत. मीच एकेक शोधून भरून दिलीत. नऊ वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या मधोमध अंधार आला, कडेकडेचं तेवढं दिसतं. माणूस आलेलं कळतं, अक्षर लागत नाही. ही पुस्तकं बंद झाली तर ती दिवसभर काय करेल, माझी वाट बघत बसेल? आणि हे कुणामुळे? माझ्यामुळे.

आईला सांगितलं नाही.

७ मार्च, गुरुवार

आज एक नवल. चहा घेताना मी उगाच विचारलं, त्या जहाजावर सामान काय काय होतं? आईने डोळे मिटून धडाधड सांगितलं. बिस्किटांची दोनशे दहा पिंपं, मेणबत्त्यांच्या चाळीस पेट्या, तीन शिवणयंत्रं, एक बाजाची पेटी, अकरा कुत्रे. अकराही कुत्र्यांची नावं! एक कुत्रा आळशी, एकाला खलाशाचा मोजा पळवायची खोड. मी थक्क. वय चौऱ्याहत्तर आणि काय ही स्मरणशक्ती! मला काल जेवलेलं आठवत नाही.

"अगं आई, एकदा ऐकून एवढं पाठ?"

"ऐकत गेलं की होतं पाठ," म्हणाली आणि बशी पुसायला लागली. मग थोड्या वेळाने, "तुमच्याकडचे प्रोग्रॅम मध्येच थांबले, तर मुद्दाम थांबतात की त्यांना काही होतं?"

म्हटलं, "आई, आज ऑफिसचं नको गं, डोकं उठलंय." ती बरं म्हणाली.

८ मार्च, शुक्रवार

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं! रिपोर्ट फार कोरडे होते. नुसते आकडे आणि पत्ते. माणसाला ते वाचून काय समजणार? आता जागल्या प्रत्येक रिपोर्टमध्ये आधी नमस्कार करेल, मग काय झालं, का झालं असावं, त्याचे परिणाम, दुरुस्तीचे तीन पर्याय, पर्यायांचे गुणदोष, शेवटी आभार. चार दिवसांत लिहून टाकते. दंतवैद्याला मी स्वतः माफीचं पत्रही पाठवलं आणि विचारलं, की नव्या पद्धतीचे नमुने पाठवू का? त्याचं एका शब्दात उत्तर, "पाच."

पाच म्हणजे पाच. मी काही अगदीच ही नाही.

१३ मार्च, बुधवार

पाच नमुने काल गेले. आज उत्तर.

"पाचही वाचले. दोन पेशंटच्या मध्ये वीस मिनिटं होती, ती गेली. भुंक्या आता भुंकत नाही, प्रवचन देतो. पहिल्या रिपोर्टमधल्या दुसऱ्या पर्यायात ज्या ओळीचा उल्लेख आहे ती ओळ अस्तित्वातच नाही. तिसरा आणि पाचवा एकच आहेत, कपडे वेगळे. आणि पाचांपैकी एकही फाइल माणसाने लिहिलेलं पुस्तक नव्हतं, सगळा कचरा होता. कचरा खाऊन पोट दुखलं तर मी पोटाला दोष देऊ का? राग नाही. थकलोय."

शेवटची दोन वाक्यं वाचून माझाच राग गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. थकलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

पोपटने माझ्या टेबलावर गुपचूप एक चॉकलेट ठेवलं. मी ते त्याच्यासमोरच खाल्लं, त्यालाही बरं वाटलं असावं.

१७ मार्च, रविवार

आईला सगळं सांगावंच लागलं. तिनेच काढून घेतलं. म्हणाली, "आठवडाभर तू भांडी हळू ठेवतेयस. कुणी वारलंय का?"

सांगितलं. पुस्तकांचं पण सांगितलं. वाटलं रडेल. ती म्हणाली, "चारशे बारा? एका माणसाला?" आणि हसायला लागली. खूप हसली. मग म्हणाली, "बाई, तू माझ्या पोटची, आणि तुला तक्रार लिहिता येत नाही?"

आई तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या चार नंबरच्या खिडकीवर होती. मला ते ऑफिस लहानपणापासून माहीत आहे. हिरवी भिंत, वर जाळी, खाली हात जाईल एवढी फट, फटीतून आत येणारे वैतागलेले हात. शाळा सुटली की मी तिच्या खुर्चीमागे बसून अभ्यास करायची. पण ती तिथे नक्की काय लिहायची, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आज तिने सांगितलं, मी वहीत उतरून घेतलं.

"फिटर एक, सायकल एक. खिडकीवर माणसं शंभर. ज्याचा घसा मोठा त्याची तक्रार मोठी, असं करून चालत नाही. रजिस्टर तक्रारदारासाठी नसतं, फिटरसाठी असतं. त्याला उन्हातान्हात तिथे जायचंय."

रकाने तिने बोटांवर मोजले. कुठे. कधीपासून. तुम्ही स्वतः पाहिलंत का, की शेजारणीने सांगितलं. तिथे कसं पोचायचं, म्हणजे पत्ता नाही, कुठल्या बोळातून आत, कुठली फरशी उचलायची. आधी कुणी सांगितलंय का.

"आणि एकाच गल्लीतून साठ जण आले," ती म्हणाली, "तर साठ नळ फुटलेले नसतात. वर कुठेतरी एक पाइप फुटलेला असतो. साठ चिठ्ठ्या दिल्यास तर फिटर साठ दारं ठोठावेल आणि पाइप तसाच वाहत राहील. आम्ही साठांचं एक करायचो. फिटरला चिठ्ठी एकच."

"आणि शेवटचा रकाना?" मी विचारलं, कारण एका हाताची पाच बोटं संपल्यावर तिने दुसऱ्या हाताची करंगळी धरून ठेवली होती.

"पाणी आलं का. ते फिटरने लिहायचं नाही, साहेबाने लिहायचं नाही. तक्रारदाराला विचारून मी लिहायची. तोवर तक्रार बंद नाही."

दुरुस्तीचे तीन पर्याय सांगायचे का, असं मी विचारलं. आई म्हणाली, "फिटरला पाना कसा धरायचा ते शिकवायला जाऊ नये. तो सायकल वळवून घरी जातो."

२० मार्च, बुधवार

तीन दिवस मी आणि पोपट वरचा पाइप शोधतोय. जागल्या काय करत होता ते आता बघून माझी मलाच लाज वाटते. कोसळण्याची जागा जरा वेगळी दिसली की त्याला नवीन रिपोर्ट. पण मूळ कारण? मागे मागे जात गेलो, एकाला एक जोडत गेलो, तर चारशे बाराचे उरले नऊ. नऊ! आणि त्यातल्या एकाच पाइपाची दोनशे त्रेसष्ट दारं.

तो पाइप असा. पुस्तकात तळटीप असते, खाली बारीक अक्षरात. कधी त्या तळटिपेलाही तळटीप असते. आणि ती जर पुन्हा पहिल्या टिपेकडे बोट दाखवत असेल, तर उलगडा तिकडून इकडे, इकडून तिकडे गोल गोल फिरत बसतो आणि शेवटी दमून निपचित पडतो. ना चूक सांगतो ना पुढे जातो.

पोपट म्हणाला, "पाठवू या!" मीही तेच म्हणणार होते. मग आईचा तिसरा रकाना आठवला. स्वतः पाहिलंत का? आमच्याकडे होता तो जागल्याने कालवलेला कचरा. माणसाने लिहिलेल्या खऱ्या पुस्तकात हे होतं, असं आम्ही पाहिलं नव्हतं. पोपटने चाळीस पुस्तकं लावून बघितली. सगळी सुरळीत. तळटिपेला तळटीप कोण देतं? असला शिष्ट लेखक आणायचा कुठून?

अकरा दिवस उरलेत.

२४ मार्च, रविवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

आज सकाळी आईला म्हटलं, तुझं ॲप मला जरा दे, तुझ्या पुस्तकांत तळटिपा असलेलं एखादं आहे का? ती म्हणाली, "हे काय, जहाजाचं. मेल्याने बिस्किटांनासुद्धा टीप दिलीय." मी तिच्या शेजारी बसले आणि ती जिथवर आली होती तिथून चालू केलं. सहावं प्रकरण संपलं, सातवं सुरू झालं. बर्फ चारी बाजूंनी आवळत आलेला, कप्तान डेकवर उभा, तो म्हणाला...

आणि आवाज थांबला.

मी बटण दाबायला गेले तर आईने माझा हात धरला. "थांब. होतं असं. थोडा वेळ बसायचं, कधीकधी येतो परत. नाही आला तर बंद करून पहिल्यापासून लावायचं."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"पहिल्या पानापासून. कुठवर आलं होतं ते तो विसरतो ना, आणि मधलं पान शोधायला मला दिसत नाही."

मी विचारलं, कधीपासून? मला वाटतं मी ओरडूनच विचारलं. ती म्हणाली, ॲप नवीन आलं तेव्हापासून, सात-आठ महिने झाले असतील. टिपांची जी जी पुस्तकं आहेत ती सगळी अशीच अडतात. इतर पुस्तकं ऐकते, पण हे मनात राहिलंय, म्हणून पुन्हा पुन्हा लावते. सहा प्रकरणं किती वेळा झाली? तिने हिशेब ठेवला नव्हता. वीसेक वेळा असतील.

म्हणून बिस्किटांची पिंपं पाठ. म्हणून अकरा कुत्र्यांची नावं. आणि मी तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक करत बसले! ते ध्यान म्हणजे ध्यान नव्हतं, माझी आई बंद पडलेल्या यंत्रासमोर हात हातात घेऊन ते पुन्हा बोलेल म्हणून वाट बघत बसलेली असायची. मी समोरून रोज गेले, चप्पल काढली, हेवा केला आणि गेले.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते एकदा. तुझं डोकं उठलं होतं." मग माझा आवाज बदललेला तिला कळला असावा, कारण तिने माझा चेहरा चाचपला. "अगं वेडे, मला वाटलं माझंच बोट कुठेतरी चुकीचं लागतंय. म्हातारपणी माणसाला आधी तेच वाटतं. आणि तीस वर्षं तक्रारी ऐकल्या मी, त्यानंतर तू, दिवसभर तेच लिहितेस. घरात आणखी एक कशाला, असं वाटलं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. बेचाळिसाव्या वर्षी. तिने थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाली, "बास. तुला स्वतः बघायचं होतं ना? बघितलंस. आता लिही."

दुपारी आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. ती सांगत होती, मी टाइप करत होते. कुठे: सातवं प्रकरण, तिसरं पान, कप्तानाच्या वाक्यावरची टीप. कधीपासून: आठ महिने. स्वतः पाहिलं: हो, दोघींनी, आज, तीनदा. तिथे कसं पोचायचं: तेवढं एकच पान कापून जोडलंय, उघडा, पाच सेकंदांत थांबेल. आधी कुणी सांगितलंय का: हो, आमच्याच जागल्याने, दोनशे त्रेसष्ट वेळा, पण समजेल असं एकदाही नाही. हे शेवटचं आईने घालायला लावलं.

मला लिहायचं होतं की वाचणारी बाई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिला दिसत नाही. आईने साफ नकार दिला. "वय नको. डोळे नकोत. फिटर वय बघून पाना फिरवत नाही, आणि बघून फिरवला तर शेजारणीवर अन्याय."

तक्रारदार: वाचणारी. एवढंच ठेवलं. शेवटचा रकाना कोरा. त्याखाली मी एक ओळ जोडली, की चारशे बारांच्या मुळाशी चुका नऊच निघाल्या, ही पहिली.

२६ मार्च, मंगळवार

उत्तर नाही. मी सकाळपासून सतरा वेळा पाहिलं. एक ओळ पाठवू का, नुसतं "मिळालं का?" एवढंच? आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "स्मरणपत्र?" मी फोन ठेवला.

पोपट आणि मी जागल्याला नव्याने वळण लावतोय. साठांचं एक करायचं. खऱ्या फाइलीवर घडलं तरच बोलायचं. छोट्यात छोटा तुकडा जोडायचा. उपाय सुचवायचा नाही. तातडीचा शिक्का जागल्याच्या हातातून काढून घेतलाय. आणि सॉफ्टवेअरच्या एका मालकाकडे एका वेळी एकच तक्रार. ती मिटल्याशिवाय दुसरी नाही. मॅडमनी वाचलं, चष्मा न पुसता म्हणाल्या, "हे कुणी सुचवलं?" म्हटलं, खिडकी नंबर चारने. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

२८ मार्च, गुरुवार

आलं!

"हा रिपोर्ट जागल्याने लिहिलेला नाही. कुणी लिहिला? मी जेवणाचा डबा उघडला, तुमचं पान उघडलं, आणि डबा संपायच्या आत मूळ सापडलं. तेरा वर्षांत इतक्या सरळ रस्त्याने मला कुणी चुकीपर्यंत नेलं नव्हतं. चूक माझीच आहे, पाच वर्षांपूर्वीची, आणि चांगलीच नामुष्कीची. दुरुस्त केलीय. ॲपवाल्यांनाही सांगितलंय, शनिवारपर्यंत त्यांच्याकडे नवीन येईल. तुमचे इतर आठ असेच असतील तर एकेक करून पाठवा. घाई नाही. कुलपाचं मात्र अजून ठरवलेलं नाही. तुमच्या कागदावर शेवटी एक रकाना कोरा दिसतोय. तो भरा, मग बोलू."

जीव भांड्यात पडला म्हणावं तर अर्धाच पडला. आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, डब्याचं वाक्य तीनदा. मग म्हणाली, "उपाशी नाही ना राहिला तो?"

मी त्याला कळवलं, लिहिणारी माझी आई, पाणीपुरवठ्याची खिडकी, तीस वर्षं. डोळ्यांचं नाही लिहिलं.

३१ मार्च, रविवार

ॲप काल संध्याकाळी नवीन झालं. आज सकाळी आंघोळ वगैरे आटपून, केस विंचरून, आई खिडकीपाशी बसली. ऑफिसला जाताना बसायची तशी ताठ. मी शेजारी.

सातवं प्रकरण मी काढून दिलं. बर्फ आवळत आलेला. कप्तान डेकवर. तो म्हणाला...

आणि तो म्हणाला! वाक्य पुरं केलं, टीप वाचली, टिपेची टीप वाचली आणि गेला पुढे. मी टाळ्या वाजवायला उठले. आईने हात धरून खाली बसवलं. मी म्हटलं, "आई, आलं ना पाणी! लिहू? तो वाट बघतोय, आज एकतीस आहे!"

"गप्प बस. पहिलं पाणी गढूळ येतं, आणि हवा येते नुसती फसफसत. आम्ही लोकांना सांगायचो, नळ सोडून ठेवा, स्वच्छ आलं की मग सांगा. प्रकरण संपू दे."

प्रकरण पावणेदोन तासांचं होतं. मी एका जागी पावणेदोन तास शेवटची कधी बसले होते, देव जाणे. आठ महिने मी दारातून विचारत होते, कुठवर आलं, आणि उत्तर ऐकायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेली असायची. आज बसले. कुत्र्यांपैकी आळशी तो गाडीला जुंपल्यावर सगळ्यात पुढे पळाला, तेव्हा आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. शेवटच्या पानावर बर्फ तडकला. आधी एक बारीक रेघ, मग जहाजभर आवाज, मग पाणी.

आई रडत होती आणि हसत होती. "सुटलं गं," म्हणाली. "सुटलं एकदाचं."

मग तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि खिडकीतला आवाज काढला. मी तो आवाज लहानपणी खुर्चीमागून ऐकलेला. "घे लिहून. पाणी आलं. तपासलं, पावणेदोन तास. स्वच्छ आहे. तक्रारदार समाधानी."

"नाव काय घालू? वाचणारी?"

तीस वर्षं ती त्या रकान्यात दुसऱ्यांची नावं लिहीत आली. म्हणाली, "माझं घाल. पूर्ण. वडिलांचं नको, नवऱ्याचं नको, माझं." घातलं, आणि पाठवलं.

दंतवैद्याचं उत्तर तासाभरात आलं, रविवार असून. "बाईंना नमस्कार सांगा. रकाना भरला, तक्रार बंद केली. कुलूप परत ड्रॉवरमध्ये ठेवलंय. उलगडावर तक्रार करायची असेल त्याने यापुढे बाईंचेच रकाने भरायचे, माणूस असो की जागल्या. फॉर्म तसाच लावून टाकलाय. दुसरी चिठ्ठी सोमवारी पाठवा, डबा दीडला उघडतो."

मी धावत आत सांगायला गेले. आईने एक बोट वर केलं. आठवं प्रकरण सुरू झालं होतं.

"ऐकलं मी, मोठ्याने वाचलंस तू," ती म्हणाली. "बस इथे. आणि मध्ये बोलू नकोस."